पावसात अडणारी गाडी

अप्पा गाडीजवळ आले की आधी बॉनेटवर तळहात टेकवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. आपण दुकानात बसलो असताना कुणी गाडी फिरवून तर आणली नाही ना, ते बघायचं असायचं. लातूरच्या उन्हात उभी केलेली गाडी गरम लागणारच, पण ते अप्पांना सांगायचं कुणी? "हात लावलाय कुणीतरी," असं म्हणून ते आजूबाजूच्या प्रत्येकाच्या तोंडाकडं एकदा बघून घ्यायचे. त्यात मीही आलो.

माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. अब्बांनी टाकलं, पुढं मी चालवलं. अप्पांची बाजारात आडत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, पांढरी मोटार, आणि मनात सगळ्या जगाबद्दल संशय. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, पण अप्पांची सर त्याला यायची नाही, हे मी लिहून देतो.

त्यांनी गाडीच्या बॅटरीवर, प्लगांवर, अगदी चाकांच्या नटांवरसुद्धा लाल नेलपेंटचा ठिपका लावून ठेवला होता. मिस्त्री लोक चांगला माल काढून जुना बसवतात म्हणे! मी पहिल्यांदा ते ठिपके बघितले आणि डोकंच फिरलं. म्हणालो, अप्पा, एवढा संशय असेल तर दुसरीकडं जा. ते शांतपणे म्हणाले, "दुसरीकडं जाऊन आलो. त्यापरीस तू बरा." आता याला शिवी समजावं की शाबासकी, तुम्हीच ठरवा.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. नांदेड, परभणी, बीडची पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहिली. अप्पांनीही घरावर दोन मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. मग काय, संशयाला नवं कुरणच मिळालं. पोरं रात्रभर अभ्यास करतात की नुसते दिवे जाळतात, हे बघायला ते जिन्यात अनवाणी फिरायचे. पाण्याच्या टाकीला कुलूप घातलं. पोरंही काही कमी नव्हती, अप्पांची चाहूल लागली की मोठ्यांदा जीवशास्त्र वाचायची.

पण माझं आणि अप्पांचं खरं भांडण गाडीवरून. उन्हाळा-हिवाळा गाडी सुतासारखी चालायची. पाऊस लागला, हवा ओली झाली, की आचके द्यायला लागायची आणि कुठंतरी मधेच बंद पडायची. मी प्लग बदलले. ठिणगी वाटून देणारा डेल्को उघडून पुसला, त्याचं झाकण नवं घातलं. जाड वायरी बदलल्या. एकदा तर चिडून चालू इंजिनवर पाणी शिंपडून दाखवलं. गाडीवर ढिम्म परिणाम नाही, चालूच. माझ्या दुकानात ती कधी बंद पडलीच नाही.

"इथं नीट चालती न् रस्त्यावर बंद पडती," अप्पा म्हणायचे, "म्हणजे कुणीतरी मुद्दाम करायलंय."

हा कुणीतरी कोण, ते सगळ्या पेठेला ठाऊक होतं. अप्पांचा सख्खा धाकटा भाऊ.

त्याचं असं झालं. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी अप्पांच्या गल्लीत गणपतीचा मांडव होता, म्हणून गाडी भावाच्या अंगणात लावली होती. आडतीच्या वाटण्यांवरून दोघांत आधीच धुसफूस. पहाटे जमीन हलली. औशाकडची गावं गेली, अशी बातमी आली. अप्पांची एकुलती एक लेक तिकडंच दिलेली. अप्पा पावसात गाडी घेऊन निघाले आणि औशाच्या पुढं गाडी बंद पडली. कितीदा सेल्फ मारला तरी सुरू होईना. मग पायी, मग एका ट्रकवर, असं करत गावात पोचले, तोवर दुपार झाली होती. ढिगाऱ्याखालून पोरीचा आवाज सकाळी बराच वेळ येत होता, असं लोकांनी सांगितलं. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

रात्रभर गाडी भावाच्या अंगणात होती. म्हणजे त्यानंच हात लावला. अप्पांनी तिथंच गाठ मारली आणि भावाशी बोलणं टाकलं. भावानं घरी येऊन देवाची शपथ घेतली, दारातून परत गेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात गाडी बंद पडली की अप्पांना तो नवा पुरावा वाटायचा. भाऊ नांदेडला मुलाकडं राहायला गेला, तरीही.

बरीच वर्षं अशी गेली. एका श्रावणात नांदेडहून निरोप आला, भाऊ दवाखान्यात आहे, काही भरवसा नाही, तुम्हाला बघायचं म्हणतो. अप्पा माझ्याकडं आले. वाटणीच्या कागदावर सही घ्यायला बोलावलं असंल, म्हणाले. तरी धोतर धुतलेलं होतं आणि पिशवीत मोसंब्या होत्या. आभाळ भरून आलेलं. मला म्हणाले, तू संग बस, बंद पडली तर तुझ्यासमोर पडंल.

आणि पडली. चाकूर मागं टाकलं, भुरभुर सुरू झाली, चार आचके दिले आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. मी उतरलो तसे अप्पा घाईनं म्हणाले, "थांब, बॉनेट मी उघडतो." माझ्या दुकानात यायच्या आधीही ते कोपऱ्यावर गाडी थांबवून, पाठ करून बॉनेटमध्ये काहीतरी करायचे. मला वाटायचं, ठिपके मोजत असतील. या खेपेला मी थांबलो नाही. उघडलंच.

आत लिंबू-मिरची बांधली होती. मधे बिब्बा. सगळं जग पुढं बंपरला बांधतं, पण तिथलं कुणी काढून करणीचं बांधलं तर? म्हणून अप्पांनी आत, कुणाला दिसणार नाही असं बांधलेलं. बारीक तारेचं एक टोक ठिणगी तयार करणाऱ्या कॉईलच्या जाड वायरीला गुंडाळलेलं, दुसरं बॉडीच्या नटाला. तार रुतून वायरीची साल गेली होती. कोरड्या हवेत कसंतरी भागायचं. ओल धरली, लिंबाचा रस झिरपला, की ठिणगी प्लगकडं जायच्या ऐवजी त्या तारेनं बॉडीत उतरायची. माझ्याकडं येताना ते काढून ठेवायचे, कारण मिस्त्री लोकांचा काय नेम! साल गेलेली वायर तेवढी दिसायची, ती मी जुनी झाली म्हणून बदलायचो; बाकी मला दिसणार काय, कपाळ?

मला आधी हसूच आलं. हसत हसतच विचारलं, अप्पा, हे कधीपासून बांधताय?

"गाडी घेतली तवापासून. दर अवसेला बदलतो."

बोलले, आणि काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर खाली बसले. पाऊस अंगावर पडत होता. मग म्हणाले, "त्या दिवशी बी होतं."

मग ते उठले, माझा दंड धरला. "मिस्त्री, नीट बघ. दुसरं काही असंल. कुणीतरी हात लावला असंल, बघ की." एवढी वर्षं तेच वाक्य ऐकून माझे कान किटले होते, पण त्या दिवशी त्यांची फार कीव आली. मी पुन्हा वाकलो, उगीच सगळीकडं बघितलं, आणि म्हणालो, नाही अप्पा, दुसरं काही नाही.

तार काढली, वायर पुसली, टेप गुंडाळली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यांनी किल्ली माझ्याकडं दिली. नांदेड येईपर्यंत पाऊस होता, आणि गाडीनं एकदाही आचका दिला नाही. त्यापेक्षा दिला असता तर बरं, असं मला वाटत होतं.

दवाखान्यात भावाच्या नाकात नळी होती. अप्पा स्टुलावर बसले. मी दारात मोसंब्यांची पिशवी धरून उभा. मला वाटलं, आता सांगतील, आता हात जोडतील. अप्पांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. गाडीचं मी सोडून दिलं. माफ केलं तुला."

भावानं पडल्या पडल्या हात जोडले.

माझ्या डोक्यात अशी सणक गेली म्हणता! पिशवी खाली ठेवली आणि बाहेर येऊन बसलो. परतीच्या वाटेत अप्पांशी मी एक शब्द बोललो नाही. ते माझ्याकडं बघतही नव्हते.

भाऊ बरा झाला. येणं-जाणं सुरू झालं, दिवाळीला एका पंगतीत जेवायला लागले. अप्पा भावाला स्वतः वाढायचे, तो पुरे म्हणाला तरी वाढायचे. दोन-तीन वर्षांनी अप्पाच आधी गेले, झोपेत.

पंधरवड्यानं भाऊ गाडी घेऊन माझ्याकडं आला. नांदेडला न्यायची होती, एकदा बघून द्या म्हणाला. मी चहा मागवला. तो गाडीकडं बघत म्हणाला, "मिस्त्री, मी कायबी केलं न्हवतं. पर दादा इतक्या वर्षांनी आला, म्हणलं, घेऊ माफी. आता तरी सांगा, गाडीत काय होतं?"

मी सांगितलं. लिंबू, तार, दर अवस, सगळं. अप्पा मोरीवर बसले होते, तेही सांगितलं.

चहावर साय आली. मग तो डोळे पुसत म्हणाला, "बरं झालं मलाच माफ केलं. सोताला त्यानं केलं नसतं."