कोठी वाढली

लॅबमध्ये कोणी "मॅडम, मेमरी संपली!" असं ओरडलं की माझ्या तोंडून पटकन निघायचं, "संपली काय म्हणता रे, वाढली म्हणा!" पोरं खो खो हसायची. मेमरी वाढली म्हटल्यावर त्यांना वाटणार, मॅडमनी नवी चिप बसवली. त्यांचं तरी काय चुकलं? पण आमच्या घरात 'संपलं' म्हणायची सोय नव्हती. आई तोंडावर चापट द्यायची. मीठ संपत नसे, वाढत असे. दिवा विझवायचा नसे, वाढवायचा. बांगडी फुटली तरी ती वाढलीच. सारखं 'नाही, नाही' म्हटलं की घराला नाहीची सवय लागते, असं तिचं म्हणणं. एकदा तिने अंगणातून मला हाक दिली, "पोरी, तेल वाढलं वं!" तर शेजारची गोंड बाई हसत हसत वाटी घेऊन हजर. तिला वाटलं, यांच्याकडे तेल जास्त झालं. आईने मडक्याच्या तळाचं तेल बोटाने निपटून तिला दिलं, पण 'नाई' म्हटलं नाही.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायचे. कॉम्प्युटरमध्ये मेमरी थोडी, मागणारे प्रोग्रॅम भरपूर. मग ती कोणाला द्यायची, कोणाकडून काढून घ्यायची, हे सगळं ही सिस्टीम बघते. पोरांना हा धडा कंटाळवाणा वाटायचा. मला त्याची भीती वाटायची, कारण पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी मी तो अंगावर घेतला होता. पन्नासच्या दशकातली गोष्ट. जिल्हा तेव्हा चांदाच होता, आणि माझे वडील धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात शाळामास्तर होते.

त्या गावात पाटलाच्या अंगणात एक कोठी होती. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणूस आत उभा राहिला तर दिसणार नाही एवढी उंच. कापणी झाली की प्रत्येक घर आपल्यातलं थोडं धान तिच्यात ओतायचं आणि पावसाळ्यात नदीने वाट बंद केली की ज्याला लागेल तो तिथून न्यायचा. पाटील म्हणजे म्हातारा, सुकलेल्या लाकडासारखा माणूस. कोणीही येऊन विचारलं, "भाऊ, आमच्यासाठी हाये ना?" की तो म्हणायचा, "हाये ना! तुयासाठीच तं ठेवलं हाये." सगळ्यांना हेच. माझ्या वडलांनाही हेच. वडलांनी तर शेतीवाडी नसूनही ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावी धान विकत घेऊन बैलगाडीने आणलं होतं आणि त्या कोठीत टाकलं होतं. आई म्हणाली होती, घरात ठेवा. वडील म्हणाले, गावात राहायचं तर गावासारखं राहावं.

हा पाटील लबाड नव्हता, हे आधी सांगून टाकते. तेच धान तो चार घरांना कबूल करायचा, कारण चारही घरं एकदम येत नसत. पावसाळ्यात जंगलच निम्मं पोट भरायचं. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, सात्या, म्हणजे वारुळावरच्या अळंब्या, कंद, वाळवलेली मोहफुलं. कोणी पाहुणपणाला जायचं, कोणाचं घरचंच पुरायचं. कॉम्प्युटरही अगदी असाच बोलतो. प्रोग्रॅमने जागा मागितली की सिस्टीम म्हणते, घे, दिली. खरं तर दिलेलं काहीच नसतं. प्रोग्रॅमने त्या जागेत पहिल्यांदा पाय ठेवला की तेव्हा ती धावाधाव करून खरी जागा शोधते. सगळे एकदम पाय ठेवणार नाहीत, या भरवशावर असलेल्याहून जास्त कबूल करून बसते. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. आणि गंमत अशी की यावर वर्षानुवर्षं निभावतं.

कोठी रिकामी ठेवणंही पाटलाला खपायचं नाही. जागा रिकामी म्हणजे वाया गेली. धान खाली उतरलं की तो वर कोणाची मोहफुलं भरायला द्यायचा, कोणाच्या टोपल्या, कोणाचा ढोल. लागलं की काढून घेता येतं, तोवर राहू दे. सिस्टीमही मोकळ्या मेमरीत उद्या लागतील त्या फायली आणून ठेवते. पोरं आकडा बघून घाबरायची, "मॅडम, सगळी भरली!" मी म्हणायचे, अरे बाप्पा, भरलेलीला काय घाबरता, ते वरवरचं सामान ती क्षणात फेकून देईल. घाबरायचं ते खाली काय आहे त्याला. आमच्या वडलांनी एका वर्षी मृगात कोठीत डोकावून पाहिलं, काठोकाठ भरलेली दिसली आणि समाधानाने घरी आले. ती मोहफुलं होती. खाली हात घालून कोणी पाहिलं नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बांबूला फुलं आली होती.

मी लहान होते, मला ती सुंदर वाटली. मी एक तुरा तोडून घरी आणला तर शेजारच्या त्याच गोंड बाईने तो माझ्या हातातून हिसकावून चुलीत टाकला आणि गोंडीत काहीतरी बोलली. तिचा चेहरा पाहून मी रडले. आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, बांबू फुलला का मरते. अन् मरतानी एकटा नाई मरत." झालंही तसंच. बेटंच्या बेटं जागच्या जागी वाळली. बांबूचं बी खाऊन उंदीर इतके माजले की दिवसाढवळ्या अंगणातून पळायचे, माणसाला बघून थांबायचेही नाहीत. बी खाऊन झालं तेव्हा ते कोठीकडे वळले. बाहेरून लिंपण शाबूत, आतून पोखरण चालू. कान लावला की कुरकुर ऐकू यायची. मी कान लावायचे. अजूनही भिंतीला कान लागला तर मी दचकते.

पाऊस लागला, नदी फुगली, वाट बंद झाली. आणि वास्ते निघालेच नाहीत. कुठून निघणार, बेटं मेलेली! मग ज्यांना ज्यांना 'हाये ना' म्हटलं होतं, ते सगळे एकदम आले.

पहिल्यांदा कोठीतली मोहफुलं गेली, टोपल्या निघाल्या, ढोल निघाला. मग धान निघालं ते अर्धं फोलपट आणि उंदराच्या लेंड्या. पाटलाने कोणाला सांगितलं नाही. तो थोडं थोडं मापून देत राहिला. मग सुरू झाली नुसती देवाणघेवाण. सकाळी आमच्याकडचं मापभर धान कोणीतरी उसनं न्यायचं, दुपारी आई दुसऱ्याकडून आणायची, संध्याकाळी तिसरा तेच परत मागायला दारात. सगळा गाव टोपल्या घेऊन या घरातून त्या घरात फिरत होता आणि चूल कोणाचीच धड पेटत नव्हती. मेमरी अपुरी पडली की कॉम्प्युटरचं हेच होतं. याचं उचलून डिस्कवर ठेव, त्याचं डिस्कवरून आण, परत ते ठेव, हे आण. दिवा लुकलुकत राहतो आणि काम इंचभर सरकत नाही. पोरं वैतागून कीबोर्ड आपटायची. मी म्हणायचे, आपटू नका, आता सिस्टीम कोणाचा तरी बळी घेणार आहे.

घेतेच. सगळे उपाय थकले की सिस्टीम एक एक प्रोग्रॅम तपासते. सर्वात जास्त जागा कोणी अडवली आहे? कोणाला हात लावला तर सगळंच बंद पडेल? असे सोडले की उरलेल्यांत जो सर्वात मोठा, त्याला ती संपवते. त्याचा गुन्हा काही नसतो. पडद्यावर एकच शब्द उमटतो, 'किल्ड'. बाकीचे पुढे चालू लागतात. फार हुशारीची योजना आहे, परीक्षेत हमखास येते.

पाटील आमच्या दारात आला तेव्हा भर दुपार होती आणि पाऊस थांबला होता. तो ओसरीवर टेकला नाही, उभाच राहिला. "गुरुजी," म्हणाला, "धानाचा रोवणा चालू हाये. रोवणारा हात गेला तं पुढच्या सालीबी उपाशी. सुईण गेली तं बाया मरतीन. देव पुजनारा गायता गेला तं देव उठतीन." मग आमच्याकडे, एका रांगेत बसलेल्या आम्हा भावंडांकडे, त्याने पाहिलं. "तुमचं खानारं मोठं हाये. अन् शाळा बंद हाये. तुमाले गाव तं हाये ना, ब्रह्मपुरीकडं?"

"आमचं धान आहे कोठीत," वडील म्हणाले.

"होतं," पाटील म्हणाला. धानाबद्दल 'हाये ना' सोडून दुसरं काही त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आई उठली. तिच्या हातात आमची तान्ही बहीण होती, रोवण्याच्या आधीच जन्मलेली, आणि खाणं नाही म्हणून आईला दूध नव्हतं. पोर रडायची तीही आता मांजरीच्या पिलासारखी, बारीक. आई म्हणाली, "अजी, इले घेऊन मी नदीवर कशी जाऊ? पूर हाये नदीले. इचं काय व्हईन?" पाटलाने मान खाली घातली. त्याला कळत होतं, हे मी आज मान्य करते. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात दगड मारत होते. आणि खरं सांगू का, त्या 'हाये ना'चा राग मला आजही तेवढाच येतो. नाही म्हणाला असता मृगातच, तर नदी फुगायच्या आधी आम्ही हसत गावी पोचलो असतो. आमच्या सगळ्या मुलखालाच 'नाही' म्हणता येत नाही. माझ्या आईलाही कुठे येत होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. शेजारची गोंड बाई गावाच्या शिवेपर्यंत आली. तिने पळसाच्या पानात मूठभर मोहफुलं बांधून आईच्या ओटीत घातली, तिच्या स्वतःच्या घरात तेवढीच असावीत. वाळलेल्या बांबूच्या बेटांमधून वाट होती. वारा आला की पोकळ बांबू एकमेकांवर आपटायचे. बाकी आवाज नाही, पाखरूसुद्धा नाही. पावसाने पुन्हा जोर धरला. वडलांच्या पाठीवर भाऊ, डोक्यावर गाठोडं. आम्ही मोठी पोरं मागे. आईने तान्हीला छातीशी बांधून वरून घोंगडी घेतली होती. आधी आतून बारीक रडणं ऐकू यायचं, मग पावसाच्या आवाजात तेही येईना.

नदी दुथडी भरलेली. डोंगेवाला पलीकडे होता, पाणी उतरल्याशिवाय यायला तयार नव्हता. आम्ही एका मोहाच्या झाडाखाली बसलो. वडील काठावर उभं राहून हाका मारत होते. पलीकडून माणूस हात हलवून नाही, नाही म्हणत होता. शेवटी ते परत आले, डोक्यावरचं पाणी निथळवत आईसमोर उकिडवे बसले आणि विचारलं, "कशी आहे पोरगी?"

आई नदीकडे बघत होती. म्हणाली, "वाढली."

वडील खालीच बसले, चिखलात. मला काही कळलं नाही. मीठ वाढतं, तेल वाढतं, दिवा वाढतो, हे ठाऊक होतं. पण माणसाला कोणी तसं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, खरंच वाढली. मोहफुलांनी दूध आलं असेल. आता ती चालेल, आईचे हात मोकळे होतील, मग आई मला जवळ घेईल. मला इतका आनंद झाला की मी उड्या मारतच आईपाशी गेले आणि तिची घोंगडी ओढायला लागले.

"दाखव ना माय," मी म्हटलं, "दाखव ना, केवढी वाढली?"