पाण्याची गोळी

कुळगावात माझं औषधाचं दुकान आहे. तिथे खरवईच्या एक मावशी यायच्या. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्या पॅकिंगच्या लाइनवर कामाला होत्या. त्यांना बीपीची गोळी होती, रोज सकाळी एक. पण महिनाभराच्या गोळ्या त्यांच्या महिन्यात कधी संपायच्याच नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, रोज घेते ना. मग लेकीच्या सासरचं काहीतरी सांगत सुटायच्या. खोटं बोलतायत हे दिसत होतं. का, ते कळत नव्हतं, आणि तेच मला खुपत राहायचं.

एका सकाळी त्या डोकेदुखीची गोळी मागायला आल्या. बोलता बोलता त्यांनी काउंटर घट्ट धरला. मी त्यांना बळेच बसवून बीपी मोजलं, तर ते भलतंच वाढलेलं. थोडं थांबून पुन्हा मोजलं, तरी तेच. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर त्या उठल्याच. उशीर झाला तर गेटवरून परत पाठवतात, संध्याकाळी नक्की जाते, म्हणाल्या आणि धावत शेअर रिक्षात बसल्या.

तो दिवस मला खायला उठला. फोन लावत राहिले, पण लाइनवरच्या बायकांचे फोन गेटवर काढून घेतात. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि माझे डोळे रस्त्यावर. वाटेत काही झालं असेल का? मी त्यांना जाऊच का दिलं?

संध्याकाळी त्या दारात दिसल्या तेव्हा कुठे मी धड श्वास घेतला. त्यांना कपाटांमागे नेलं, स्टुलावर बसवलं. गोळी घेता का, असं या वेळी विचारलं नाही. विचारलं, "मावशी, कुठल्या दिवशी घ्यायला जमत नाही?"

पदराशी चाळा करत त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"कामावर जायच्या दिवशी. ती घेतली की सारखं बाथरूमला जावं लागतं, ताई. लाइन सोडायची तर सुपरवायझरला सांगावं लागतं. पोराच्या वयाचा आहे तो. त्याला किती वेळा सांगू?"

डॉक्टरही पुरुष, म्हणून तिथेही त्या गप्प राहिल्या होत्या. लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारं औषध त्या गोळीतच होतं. मावशींना विचारून मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ते म्हणाले, लगेच पाठवा.

डॉक्टरांनी त्यांना तपासून गोळी बदलून दिली. पुढच्या काही आठवड्यांत बीपी हळूहळू उतरलं. आता त्यांच्या गोळ्या वेळेवर संपतात.

पण त्या लाइनवर त्या एकट्या थोड्याच आहेत? तसली पाण्याची गोळी कुणा कामावर जाणाऱ्या बाईला देताना मी हळूच विचारते, कामावर बाथरूमला जायची सोय आहे का? काहीजणी चिडतात, तुम्हाला काय करायचंय म्हणतात. परवा एकजण मात्र मागे वळून रांगेत कोणी ऐकतंय का ते बघायला लागली. मी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि तिला कपाटांमागे बोलावलं.