हळू न बोलणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाईंना हळू बोलता यायचं नाही. चाकूरजवळच्या आमच्या गावात त्या स्कूटीवरून उतरल्या की कुणाला कितवा महिना, कुणाचं रक्त कमी, हे अख्ख्या गल्लीला कळायचं. मला त्यांचा भारी राग यायचा.

माझं दुसऱ्यांदा पोट पडलं तेव्हा घरात सगळे कुजबुजत होते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, परसातलं पपईचं झाड तोडून टाकलं. पुढं शेजारच्या डोहाळजेवणाला मला न नेता त्या एकट्याच गेल्या. मी कुठल्या तोंडानं बोलणार? त्या झाडाच्या दोन फोडी मी चोरून खाल्ल्या होत्या. लेकरू मीच घालवलं, हे माझ्या मनानं पक्कं धरलं होतं.

शेवटी सिस्टरबाईंच्या कानात सांगितलं. माझं गुपित त्यांनी गुपितच ठेवलं, पण उत्तर मात्र ओसरीवर येऊन, इष्टलिंगाची पूजा उरकून उठलेल्या आत्याबाईंना ऐकू जाईल असं दिलं.

"पपई खाल्ल्यानं, घागर उचलल्यानं पोट पडत न्हाई. बहुतेक वेळा बीजच नीट जुळलेलं नसतंय. कुणाची चूक न्हाई. पण दोनदा झालंय, आता तपासायचं. दोघांनीबी."

'दोघांनीबी' हे आमच्या घराला नवीन होतं. यांचं तोंड एवढंसं झालं, तरी लातूरला आले. माझं थायरॉईड बिघडलेलं निघालं. हेच कारण असेल असं छातीठोक सांगता येत नाही, पण गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुन्हा दिवस गेल्यावर सिस्टरबाई गल्लीच्या तोंडापासूनच विचारायच्या, गोळी घेतलीस का? शेजारणी माझ्याआधी "हाव, घेतली" म्हणायच्या.

लेक झाली, चांगली तीन किलोची. तिचं रडणं ऐकून वाटलं, ही सिस्टरबाईंवरच गेली. आत्याबाईंनी आपल्या हातानं परसात पपईचं रोप लावलं.

गेल्या वर्षी सिस्टरबाईंची अर्धापूरला बदली झाली. आत्याबाईंनी त्यांची ओटी भरायला गल्लीतल्या बाया बोलावल्या. शेजारची सुनीता दाराबाहेरच उभी होती. महिन्यापूर्वी तिचं पोट पडलं होतं. बाया कुजबुजल्या. आत्याबाईंनी चारचौघींत हाक मारली.

"सुनीता, आत ये. बाईंची ओटी पहिल्यांदा तू भर. कुणाची चूक न्हाई."

सुनीतानं ओटीत नारळ ठेवला, वर आमच्या नव्या झाडाची पिकली पपई. माझा ऊर अभिमानानं भरून आला. सिस्टरबाई काहीतरी म्हणाल्या, पण काय ते कुणालाच ऐकू आलं नाही.