नैरोबीच्या घरातला अर्धा वाटा

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, नैरोबीला रेल्वेत होते. वर्षानुवर्षं त्यांचा काही निरोप नसे. आपल्या देशाच्या स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी त्यांनी एकदम कळवलं, की राहतं घर ते विकत घेताहेत. अर्धे पैसे आम्ही घालावेत, अर्धं घर आमच्या नावावर होईल.

नागपुरात इतवारीतले आमचे हातमाग नुकतेच विकले होते. ते भासऱ्यांना कोणी सांगितलं, हेच आधी माझ्या मनात आलं.

रामदासपेठेतले वकील म्हणाले, पैसे देशाबाहेर पाठवायला सरकारची परवानगी लागेल. खरेदीसाठी भावाच्या नावे मुखत्यारपत्र करावं लागेल, मॅजिस्ट्रेटसमोर सही करून. पण त्याआधी तिथल्या वकिलाकडून घराची चौकशी करा. विकणारा खरा मालक आहे का, घर गहाण तर नाही.

"दादाच्या मागं वकील लावू का मी?" घरी आल्यावर नवरा चिडला.

"लावा. इतकी वर्षं आठवण नाही आली, आताच काहून वाटा देऊन राहिले?"

माझ्या हट्टापायी चौकशी झाली. घरात काही खोट निघाली नाही. तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. मग एवढ्या चांगल्या घरात आम्हाला कशाला घेतात?

त्या उन्हाळ्यात भासरे जाऊबाईंना घेऊन रजेवर आले. चौकशीचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. ते बोलले नवऱ्याशी, पण आवाज आतल्या खोलीत माझ्यापर्यंत येईल एवढा.

"काहून गा, मी तुले लुबाडीन असं वाटलं? आम्हाले मूलबाळ नाही. उद्या मी मेलो तं परक्या देशात हिले कोण विचारते? तुझं नाव असलं, तं तुले यावंच लागंल."

माझ्या शेजारी जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला तिथून उठावंसं वाटलं, पण उठून जाणार कुठं?

दुसऱ्याच दिवशी आम्ही परवानगीचा अर्ज केला. भासरे परत गेले आणि काही महिन्यांनी अर्ज नामंजूर झाला. नवऱ्याने नकाराची नक्कल त्यांना पाठवली. घर त्यांनी एकट्यानेच घेतलं.

पुढे कधी आले की हवापाणी, नातेवाईक, सगळं बोलत. त्या नकाराबद्दल मात्र एक शब्द नाही. तो खरा होता यावर त्यांचा विश्वास बसला होता का, हे विचारायची आमची छाती झाली नाही.