मशीनची हवा

बाई, हे म्या आजवर कोनालेच नाइ सांगतलं. पोटच्या पोराले बी नाइ.

आमचे हे वनीच्या कोयसा खदानीत डंपर चालवत. रातची ड्युटी असली का माह्या डोयाले डोया लागत नसे. घरी असले का घोरत—असे घोरत का टिनाचं छत हाले. दुसऱ्या बायका वैतागत. मी त्या आवाजावरच झोपो. घोरनं म्हनजे मानूस घरी हाय, जित्ता हाय.

रिटायर झाल्यावर झोपेत त्यायचा दम अटकू लागला. डाक्टरनं मशीन देली. नाकावर मास्क, त्याच्यात हवा. मशीनवाल्यानं बटन दाबून धरलं, हवा किती ते लावलं, म्हने, "आजी, याले हात नोका लावू." म्या नीट पाहून ठेवलं.

पहिल्याच राती घोरनं बंद. एकदम चूप. उठून छातीवर हात ठेवला—हालते. पडली, पुन्हा उठली. दम तं मशीनच घेऊन राह्यली—आतला मानूस गेला तर मले समजन कसं?

अन् एका राती... कसं सांगू? म्या ते बटन दाबलं. हवा कमी केली. घोरनं आलं, जराक्सं. मी झोपली. सकायी वाढवून ठेवीन म्हनलं—नाइ ठेवली. कायले ठेवू? मले झोप येऊन राह्यलती नं.

ते दिवसा पेंगू लागले. हातातला चहा सांडे. एक दिवस भर रस्त्यात डोया लागला, अन् गाडी नालीत. खांद्याचं हाड मोडलं.

पोरगा भडकला. "बाबा, तुमी रातचा मास्क काढून फेकता! एवढा मोठा डंपर सांभायला, अन् हे सांभायत नाइ?"

"नाइ रे, सकायी नाकावरच असते." मंग माह्याकडे पाह्यलं. "तू सांग नं याले."

मी भाजी निवडत होती. म्हनलं, "मी झोपलेली असते. मले काय मालूम?"

त्या राती हवा होती तेवढी करून देली. पन तोंड उघडलं नाइ. आता त्यायले बी वाटते, आपनच झोपेत मास्क काढतो, अन् झोपेतच पुन्हा लावतो. म्हनून चांगला हात खाटेच्या दांडीले बांधून घेतात, माह्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं. एकट्यानं बांधता येत नाइ. रोज म्हनतात, "शंकरची माय, घट्ट बांध वं."

मी बांधते. वढून पाह्यते, घट्ट हाय का.