सगळ्यांचा उपास

हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून एक गाव आहे. तिथे मी साडेतीन वर्षं दर शनिवारी स्कूटीने जायचे. वर्ध्याच्या एका संस्थेत माझं काम होतं तरुण पोरापोरींचे गट बांधायचं. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत 'वांशिक भेदभाव' असा भारदस्त शब्द होता. गावात तो कुणाच्या तोंडी नव्हता. गावात म्हणत, "त्यायचं वेगळं, आपलं वेगळं." त्यायचं म्हणजे जंगलाकडच्या टोकाला राहणाऱ्या गोंडांचं, आपलं म्हणजे शेतीवाल्या घरांचं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. म्हणून मला वाटायचं, हे काम सोपं आहे. तेव्हा मी चाळिशीला आले होते, म्हणजे मूर्खपणाला वयाची सबबही उरली नव्हती.

गटात अठरा जण होते. अकरा शेतीवाल्या घरांतले, सात गोंड. कबड्डी एकत्र, सहल एकत्र. भेदभावावरचं आमचं पथनाट्य तालुक्याला पहिलं आलं. त्यात शेतकऱ्याचा मुलगा गोंडाच्या घरी लोटाभर पाणी पितो, तेव्हा टाळ्या पडायच्या. नायकाचं काम करणारा पोरगा तिथे दर वेळी खरोखर रडायचा. लोटा मात्र रिकामा असायचा, आणि ते मला कधी खटकलं नाही.

नाटक लिहिलं होतं गटातल्या सगळ्यात हुशार मुलीने. ती गोंड. घरी गोंडी बोलायची, बाहेर माझ्याहून स्वच्छ मराठी. बारावी झाली आणि तिला गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची नोकरी लागली. पोरांना आणायचं, झाडझूड करायची आणि खिचडी शिजवून वाढायची. दुसऱ्याच आठवड्यापासून शेतीवाल्या घरांतली लेकरं कमी व्हायला लागली. एकाला खोकला, एक मामाच्या गावी, एकीच्या पोटात दुखतं. जी यायची ती खिचडीच्या वेळेला घरी पळायची.

अंगणवाडीच्या बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी मला सरळच सांगितलं की हजेरी घसरली तर वरून विचारणा होते, तेव्हा ही पोरगी झाडझूड करेल, स्वयंपाकाला त्या दुसरी कोणी बघतील. मुलीला हे कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "झाडू तं माह्या मायनंबी मारला, ताई. मले पोरायले वाढायचं आहे."

मी गटाची बैठक घेतली. सगळे पेटूनच उठले. नायक म्हणाला, आपण सगळेच अंगणवाडीत जाऊ, घरची लहान लेकरं मांडीवर घेऊ आणि सगळ्या आयांसमोर तिच्या हातची खिचडी खाऊ. पुढचा शनिवार ठरला. मी इतकी हरखले की घरी येऊन नवऱ्याचे कान किटेपर्यंत तेच सांगत बसले.

शनिवारी तिने मूगडाळीची खिचडी केली होती. वरून जिऱ्याची फोडणी. पंगत मांडून ती पदर खोचून उभी होती. सगळे आले, एकही चुकला नाही, हे मी मान्य करते. गोंड घरांतले तिच्याशिवायचे सहा जण पानावर बसले. शेतीवाल्या घरांतले अकरा भिंतीशी उभेच. मग एक मुलगी म्हणाली, तिचा उपास आहे. दुसरीही म्हणाली, शनिवार आहे ना. बघता बघता अकराही जणांचा उपास निघाला. साडेतीन वर्षं दर शनिवारी सराव झाला की हेच अकरा जण माझ्याबरोबर फाट्यावर आलुबोंडे खात होते. लहान लेकरं कुणीच आणली नव्हती. ती कुंपणापलीकडे आयांच्या कडेवर होती. आया नुसत्या उभ्या होत्या.

नायक मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, उपास नाई माहा. पण आई तिथं उभी आहे. मी खाल्लं तं ते मले घरात ताट वाढणार नाई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची कीव आली नाही. कानफटात द्यावीशी वाटली.

मुलीने पळी ठेवली, दुकानात गेली आणि दोन डझन केळी घेऊन आली. म्हणाली, उपासाले केळं चालते. आणि अकराही जणांनी केळी खाल्ली. केळ्याला साल असते, आतल्या फळाला कुणाचा हात लागत नाही. एकाने तर दुसरं मागून घेतलं. मी काय केलं? फोटो काढला. अहवालात लिहिलं, 'दोन्ही समाजांच्या युवकांनी एकत्र अल्पोपाहार घेतला.' साहेबांना फार आवडला. फोटोत सगळे हसताहेत, तीसुद्धा. तो फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे आणि त्याच्यासमोर बसून मी काम करते.

महिन्याभरात स्वयंपाकाला दुसरी बाई आली. तेच तांदूळ, तीच डाळ. हजेरी पुरी भरली, खोकले बरे झाले, मामाकडची पोरं परतली. मुलगी झाडझूड करायला लागली. माझ्या डोक्यात मात्र नवीन बेत शिजतच होते. आयांचा मेळावा घेऊ, शिबिर घेऊ. तेच सांगायला मी अंगणवाडीत गेले. ती अंगण झाडत होती. झाडता झाडता तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, आता काईच नका करू," ती म्हणाली.

मी विचारलं, का?

"पयले ते माह्या हातचं खात नव्हते, पण माह्यासंगं बोलत तं होते. फाट्यावर गाडीची वाट पाहत संगं बसत होतो. आता मी दिसली का त्यायले लाज वाटते, अन् ते दुसऱ्या रस्त्यानं जातेत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. त्या अकरा जणांना लाज वाटायला मीच शिकवलं होतं. ती वाटल्यावर पुढे काय करायचं हे शिकवायचं राहिलं, कारण ते मलाही येत नव्हतं. आणि त्यांच्या लाजेची शिक्षा तिला झाली. दोन वर्षं झाली, त्या गावात मी गेलेले नाही.