अकरा खोल्यांच्या पाचरी

"भट्टीत घातल्या? सगळ्या?"

"लाकडाचे तुकडेच होते हो, मिस्तरी. फर्निचरखाली अडकलेले. दोन बादल्या निघाले. कचरा नाही तर काय समजायचं माणसानं?"

"कचरा नव्हता बाई तो. घर उभं होतं त्याच्यावर. आता ऐका."

शहरातून बोलावलेल्या सफाईच्या बाईनं कान टवकारले. वरच्या मजल्यावर एका कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि भिंतीवर आपटलं. मागोमाग दुसरं. मग काहीतरी गडगडत गेलं आणि दरीकडच्या भिंतीला टेकून गप्प झालं.

मिस्तरी म्हणजे या हॉटेलचा सुतार, गवंडी, नळवाला, जे म्हणाल ते. एकतीस वर्षं झाली त्याला. कुणा बड्या माणसानं दोनशे वर्षांपूर्वी टेकडीच्या उतारावर हवापालटासाठी ही कोठी बांधली. दगडावर पैसा ओतला आणि पाया भरताना घाई केली. पुढं मालकीणबाईंच्या, म्हणजे ताईंच्या, वडिलांनी ती विकत घेऊन अकरा खोल्यांचं हॉटेल केलं, तोवर घर दरीकडं चांगलंच कललं होतं. जेवणघरात जमिनीवर लिंबू ठेवलं तर ते आपल्या पायानं दारापर्यंत जायचं. म्हणून प्रत्येक पलंगाच्या, टेबलाच्या, कपाटाच्या दरीकडच्या पायांखाली मिस्तरीच्या हातची पाचर होती. कुठं एक बोट, कुठं अडीच. कुठंच लिहिलेलं नाही, सगळं त्याच्या बोटांत. पाहुणे सपाट झोपायचे आणि सकाळी पलंगाचं कौतुक करून जायचे. बिनपाचरीचा पलंग घरात एकच, ताईंचा. "मी उतारावरच जन्मले, मला नको तुझे लाड," असं त्यांनी पहिल्याच वर्षी सुनावलं होतं.

घर विकायला काढलं होतं; ते विकत घेऊ पाहणाऱ्या एक बाई अकराला येणार होत्या आणि आता नऊ वाजले होते. याआधी दोघं येऊन गेले होते आणि दोघंही भिंतीची भेग बघून परत फिरले होते. हा सौदाही फिसकटला, तर ताईंना आणखी एक वर्ष इथंच काढावं लागणार होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं आता नुसतं धुकं होतं. जिना त्या पायऱ्या मोजून चढायच्या. गेल्या महिन्यात तिसऱ्या पायरीवर पडल्या आणि काही झालंच नाही असं दाखवून उठल्या. ते मिस्तरीनं बघितलं होतं. मुलीनं शहरात खोली कधीची लावून ठेवली होती.

मिस्तरीला मात्र घर विकायला नकोच होतं. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्याचं जेवण निम्म्यावर आलं, त्यावरून बायकोनं ओळखलं तेवढंच.

दलालानं आदल्या दिवशीच बजावलं होतं की घर कललंय याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ताईंनीही हळूच सांगितलं होतं, "आज तेवढं तोंड मिटून राहा रे."

करवत घेऊन तो वर पळाला. दोन तासांत सात खोल्या उरकल्या. आठवीत तो पालथा पडून कपाटाखाली शिरला होता, नुसती पावलं बाहेर, तेवढ्यात घेणाऱ्या बाई आत आल्या. त्यांनी हातातली पाण्याची बाटली टेबलावर आडवी ठेवली. बाटली घरंगळत गेली आणि खाली पडली.

बाई आडपडदा ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची आणखी दोन विश्रामगृहं होती. त्यांनी सरळ विचारलं, "घर खचतंय का?"

दलाल हसला, जुनी घरं अशीच असतात वगैरे म्हणाला. ताई दारात उभ्या होत्या. मिस्तरी बाहेर सरकला आणि कपडे झटकत बसला. गप्प राहिलं की काम फत्ते होतं. बाई निघून जातील, घर राहील, तोही राहील, आणि दोष कुणी देणार नाही, कारण गप्प बसायला सांगितलंच होतं. मग त्याला ताईंचा हात दिसला. आयुष्यभर रोजच्या वावरातली चौकट तो हात चाचपडत शोधत होता.

"खचत होतं," तो म्हणाला. "आता नाही खचत. दाखवतो."

त्यानं कपाट ओढलं. मागं तीच भेग खालून वर आली होती, वरच्या टोकाला केसाएवढी. तिच्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, रेघेशेजारी साल. पहिली बारा वर्षं रेघा एकावर एक चढत गेलेल्या. मग एकाच जागी, त्याच रेघेवर रेघ. एकोणीस वर्षं ओढून ती काळीकुट्ट झाली होती. टेकडीच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी वळवलं, तेव्हापासून भेग हललेली नाही, असं त्यानं सांगितलं. तो चरही त्यानंच खणला होता.

बाईंनी रेघेवर बोट ठेवलं. "आधीच्या दोघांना हे का नाही दाखवलं?"

"मलाच आत्ता कळतंय," ताई म्हणाल्या. मग आवाज दाबून मिस्तरीला, "एकतीस वर्षं माझ्या भिंतीवर लिहितोयस, आणि मला पत्ता नाही?"

"सांगितलं असतं तर रोज विचारलं असतंत, ताई. वाढली का, वाढली का. झोपला नसतात."



बाईंनी पाचर मारून घेतली, पलंगावर बसून बघितलं, उठल्या, परत बसल्या. पुढच्या आठवड्यात कागद करू म्हणाल्या. जाता जाता त्यांनी दलालाला विचारलं, मिस्तरी घरासोबत येतात ना?

"मी काय कपाट आहे का?" मिस्तरी म्हणाला. मग जरा थांबून, "घरी विचारून सांगतो."

दुपारी ताई भिंतीच्या आधारानं त्याच्या कामाच्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. लेकीकडं जमीन आरशासारखी आहे म्हणाल्या. मागं आठ दिवस राहिल्या, एक रात्र धड झोप नाही. डोकं खाली आणि पाय वर गेल्यासारखं वाटतं. एवढं सांगून त्या उगाच भुसा चिमटीत घेत राहिल्या.

मिस्तरीनं कानावरची पेन्सिल काढली. "तिथं डोकं कुठं करता? खिडकीकडं?"

"खिडकीकडं."

"मग खिडकीकडच्या दोन पायांखाली. दीड बोट. जावयाला सांगा, कचरा समजून फेकू नका."

त्यानं सागाचा चांगला तुकडा निवडला, दोन पाचरी कापल्या, कडा घासल्या आणि ताईंच्या ओंजळीत ठेवल्या. मग करवत उचलली. वर अजून तीन खोल्या राहिल्या होत्या.